मुलगी दोन महिने थायलंडला सुवार्तेच्या कामाला चालली आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी तिनं काय बोलावं?

शाळेतल्या बाई, सोलापूर

सगळ्यांना सप्रेम सलाम.

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. माझी थोरली मुलगी २३ वर्षांची आहे, नर्सिंग झालंय. येत्या ऑक्टोबरात ती दोन महिन्यांसाठी थायलंडमध्ये चिआंग माईला जाणार आहे. बारा तरुण मुलामुलींचा गट आहे. सकाळी तिथल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलायला शिकवायचं आणि संध्याकाळी बाजारात, बागेत, रस्त्यावर अनोळखी माणसांना गाठून आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, असं काम. पासपोर्ट आला, पैसे बरेचसे जमले, उपासनेत मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना केली. मला आनंद आहे, खोटं सांगत नाही. पण गेल्या रविवारी तिनं मला एक कागद दाखवला आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

रोज भरायचा तक्ता आहे तो. डावीकडे तारीख, मग नाव, मग चार छोटे चौकोन: भेट झाली, ऐकून घेतलं, प्रार्थना केली, निर्णय घेतला. रोज किमान पाच माणसं. सगळ्यात खाली बेरीज. मी बावीस वर्षं हजेरीपट भरते आहे, बेरजेची मला सवय आहे. पण 'निर्णय घेतला' या चौकोनात बरोबरची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याला जायचं, हे वाचून पोटात गोळा आला. ज्याच्या नावापुढे खूण केली त्याचं पुढे काय? तो घरी जाऊन आईला काय सांगेल? त्याला प्रश्न पडले तर विचारणार कुणाला? आमची लेक तर तोवर सोलापूरच्या गाडीत बसलेली असेल.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. मी आठवीत असताना आमच्या मंडळीत परदेशातून पाहुण्यांचा एक गट आला होता. कुठला ते लिहीत नाही. उपासना सुटल्यावर त्यातल्या एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि दुभाष्याकरवी विचारलं, तू प्रभूला स्वीकारलंस का? मी हो म्हणाले. खरंच होतं, मी तर रविवारच्या शाळेतच वाढलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी प्रार्थना केली, कुणीतरी फोटो काढला. वर्षभरानं पाळकसाहेबांकडे त्यांचं पत्रक आलं. त्यात माझा फोटो होता आणि खाली छापलं होतं की ही मुलगी अंधारातून प्रकाशात आली. माझे वडील मिलमध्ये साचेवाले होते. पाळी कुठलीही असो, झोपण्याआधी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचल्याशिवाय त्यांनी कधी दिवा मालवला नाही. त्यांनी ते पत्रक हातात घेतलं, दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. बोलले काहीच नाहीत. ते त्या बाईंना दिसलेच नव्हते. शेजारीच तर उभे होते.

आणि दुसरी बाजू माझ्या आजीची. आजी बार्शीकडच्या एका गावची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात १८६०च्या दशकापासूनचं. तिथल्या एक मिसबाई बैलगाडीनं खेड्यापाड्यांत फिरायच्या. आजी तेव्हा आठ वर्षांची असेल. मिसबाई आल्या, दारातल्या गोधडीवर बसल्या आणि प्यायला पाणी मागितलं. पणजी घाबरली. आमच्या हातचं पाणी मागायची तोवर बाहेरच्या कुणाची रीतच नव्हती. तिनं जर्मलचा तांब्या राखेनं घासला, पुन्हा घासला आणि भरून दिला. मिसबाईंना वरून पाणी प्यायला जमेना. निम्मं हनुवटीवरून गळ्यात, झग्याची कॉलर भिजली. सगळी वस्ती हसली आणि त्याही हसल्या. आजी म्हणायची, त्या दिवशी देवाचं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या, पोरांची नावं विचारली आणि पुढच्या महिन्यात परत आल्या.

नंतर आजी सोलापुरात बोर्डिंगला आली तेव्हा संध्याकाळी मिसबाईंचं मराठी दुरुस्त करायचं काम तिच्याकडे होतं. त्यांना 'ळ' येत नसे. कमळचं कमल, पोळीची पोली. आजी त्यांना जीभ मागे वळवून दाखवायची आणि त्या आरशात बघून तसं करायच्या. आजीच्या लग्नाला त्या होत्या. माझ्या वडिलांच्या बारशालाही होत्या.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "आई, रेव्हरंड टिळकांना तरी कोण भेटलं होतं? गाडीतला एक अनोळखी गोरा माणूसच ना? तो कुठे नंतर थांबला होता?"

वर्गात कवी म्हणून मी ना. वा. टिळक शिकवते, आणि मला उत्तर देता आलं नाही. १८९३ची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन भेटला, संस्कृत काव्याबद्दल आदरानं बोलला, नव्या कराराची प्रत हातात दिली आणि उतरून गेला. त्याचं नावही टिळकांना कधी कळलं नाही. त्या अर्ध्या दिवसातून पुढचं सगळं निघालं. आज आमच्या मंडळीत जे अभंग आम्ही टाळ घेऊन म्हणतो तेसुद्धा त्यातूनच आले. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की अनोळखी माणसाशी बोलू नकोस?

तर विचारायचं ते हे. परक्या देशात, जिथे आपण टिकून राहणार नाही तिथे, अनोळखी माणसापुढे विश्वासाची गोष्ट काढावी का? काढलीच तर कशी? ज्यांनी हे केलंय आणि ज्यांच्यावर हा प्रसंग आलाय, दोघांनीही लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनी तर जरूर लिहा. तुमचं ऐकायचं आहे.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

ताई, मी टेरी टॉवेलच्या धंद्यात आहे. बँकॉकला सात-आठ फेऱ्या झाल्या, चिआंग माईला दोनदा. धर्माच्या चर्चेत मला गती नाही, व्यवहाराचं तेवढं सांगतो.

आधी व्हिसा बघा. धर्मकार्यासाठी थायलंडचा वेगळा व्हिसा असतो, त्याला नॉन-इमिग्रंट 'आर' म्हणतात. फिरायला आलो असं लिहून द्यायचं आणि तिथे प्रचार करायचा, हे बरोबर नाही. आपल्याकडेही मिशनरी कामाचा व्हिसा वेगळा आहे. परदेशी माणूस पर्यटक म्हणून आला आणि प्रचार करत फिरला तर आपण काय म्हणू? आयोजकांना स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गटातलं कुणी त्याच फेरीत नेपाळला जायचं म्हणत असेल तर आणखी सावध. तिथे २०१५च्या राज्यघटनेनं दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातली आहे, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात.

बाकी रीतभात: कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्याही नाही. आपण आशीर्वाद द्यायला सहज हात ठेवतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. पाय कुणाकडे करून बसायचं नाही, बुद्धाच्या मूर्तीकडे तर नाहीच. बाईमाणसानं भिक्खूला स्पर्श करायचा नाही, थेट हातात काही द्यायचं नाही. राजाबद्दल एक शब्दही नको. त्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे आणि ती खरोखर होते.

नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथे लॉय क्राथाँग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लावून नदीत सोडतात. आपलं कार्तिकातलं दीपदान डोळ्यांपुढे आणा. पिंग नदीच्या काठी मी तो बघितलाय. माझ्या शेजारी एक म्हातारा दिवा सोडताना काहीतरी पुटपुटत होता आणि रडत होता. त्या रात्री तरी पत्रिका वाटू नका म्हणावं.

चंद्रभागेकाठची वाचक, पंढरपूर

बाई, तुमच्या मुलीनं टिळकांचा दाखला दिला, त्याचं उत्तर आमच्या गावात आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना नातलगांनी आणून ठेवलं ते पंढरपुरात. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, सोवळ्याचं घर आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरा. चारएक वर्षं तिनं अशी काढली. 'स्मृतिचित्रे' हे तिचं आत्मचरित्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या भागापाशी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते, कारण ती ज्या वाटांनी हिंडली असेल त्या माझ्या रोजच्या पायाखालच्या आहेत.

गाडीतल्या त्या साहेबाला टिळक दिसले. त्याला लक्ष्मीबाई माहीतच नव्हती.

मी ख्रिस्ती नाही, माझ्या माहेरी आणि सासरी वारी आहे. तो साहेब वाईट होता असं मला म्हणायचं नाही. त्यानं पुस्तक दिलं, धमकी दिली नाही की आमिष दाखवलं नाही. आणि लक्ष्मीबाई पुढे गेली ती कुणा साहेबाच्या सांगण्यावरून नाही. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, या प्रश्नाशी ती स्वतःच्या डोक्यानं झगडली, नवऱ्याकडे स्वतःच्या पायानं गेली आणि मग तिचा निर्णय तिनं तिच्या वेळेला घेतला. त्याला किती वर्षं लागली बघा. तुमच्या त्या कागदावर एका संध्याकाळचा चौकोन आहे.

मुलीला एवढंच सांगा की समोरचा माणूस एकटा दिसला तरी तो एकटा नसतो. त्याच्यामागे घर असतं. त्या घराबद्दल आधी विचार. आईवडील काय करतात, सणाला काय रांधतात, देवळात कधी जातात. हे ऐकायची ज्याला गोडी नाही त्यानं स्वतःचं सांगायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

माझं लिहिणं कडक वाटलं तर क्षमा करा. तुमच्या वडिलांच्या चार घड्या मी विसरू शकत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातला, सध्या लाइपझिग

अक्का, ज्याच्यावर प्रसंग आला त्यातला मी आहे, म्हणून लिहितो.

आमचं घर पद्मशाली, मार्कंडेयाला मानणारं. नारळी पौर्णिमेचा रथ चुकला तर आई अजून फोनवर रडते. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीत आलो. पहिल्या हिवाळ्यात जुनी वॉशिंग मशीन विकत घेतली आणि ती इमारतीच्या दारात ठेवून गाडीवाला निघून गेला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ओळखीचं कुणी नाही. बाहेर चार वाजताच अंधार. मशीनवर बसून होतो. तेवढ्यात पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी, अशी दोन अमेरिकन पोरं आली. मॉर्मन पंथाची. त्यांच्यात पोरं अठराव्या वर्षापासून अशी दोन-दोन वर्षं स्वतःच्या नाहीतर घरच्या खर्चानं जातात, कायम जोडीनं राहतात, घरी फोन आठवड्यातून एकदा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त कोट काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवले आणि मशीनला हात घातला. प्रत्येक मजल्यावर थांबत, दम खात, अर्धा तास लागला. वर आल्यावर एकानं सरळ विचारलं, आम्ही येशू ख्रिस्ताबद्दल सांगत फिरतो, तुझ्याशी त्यावर बोललं तर चालेल का? मी म्हणालो, नको. तो म्हणाला, बरं. पाणी प्यायले आणि गेले.

पुढच्या शनिवारी परत आले. मला वाटलं, आता सुरू होणार. तर म्हणाले, तुझ्याकडे टेबल नव्हतं, एक जण टाकून देतोय, आणू का?

तीन-चार महिने येत होते. शेंगाची चटणी आणि ब्रेड खायचे, त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायचे. एकाची आजी वारली तेव्हा तो माझ्याकडे बसून होता. घरी जाता येत नव्हतं. मी त्याला आमच्यात तेराव्यापर्यंत काय करतात ते सांगितलं. देवाबद्दलही बोललो, पण तेव्हा विषय मी काढला होता. मग त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली. मी आजही मार्कंडेयाचाच आहे. पण कुणी मला ख्रिस्ती लोकांबद्दल वाईट सांगायला लागलं की मला तो जिना आठवतो.

आता उलटं. याच शहरात मी एका 'मोफत जर्मन संभाषण' वर्गाला जायचो. चांगला चालला होता. पाचव्या आठवड्यात पुस्तकं बदलली आणि बायबलचे उतारे आले. आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांचा हेतूही चांगला असेल. पण मी त्यानंतर गेलो नाही, कारण पहिल्या चार आठवड्यांतलं त्यांचं हसूही मला कामाचा भाग वाटायला लागलं. तुमची मुलगी सकाळी इंग्रजी शिकवणार आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आपण कोण, कशासाठी आलो, हे फलकावर पहिल्या दिवशीच लिहा. ज्याला यायचं तो येईल.

मला 'नको' म्हणता आलं, आणि 'नको' म्हटल्यावरही ते आले. यापलीकडे मला काही सांगता येणार नाही, अक्का.

सिस्टर, मस्कत

ताई, सलाम. मी मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळ वाढले. अकरा वर्षं मस्कतला नर्स आहे.

इथे आपल्या लोकांना उपासनेला जागा आहे. रुवी आणि घाला या भागांत चर्चची आवारं आहेत, जमीन सुलतानांनी दिलेली. आवाराच्या आत मल्याळी, तमिळ, इंग्रजी, सगळ्या उपासना होतात. पण बाहेर प्रचार करायचा नाही, हा कायदा आहे आणि आम्ही तो पाळतो. पहिली दोन वर्षं मला याची घुसमट व्हायची. शुभवर्तमान सांगितलं नाही तर मी कसली ख्रिस्ती, असं वाटायचं. लाहोरचे माजी बिशप फ्रेंच १८९१च्या फेब्रुवारीत इथे आले होते. पासष्टी ओलांडलेली, सोबत संस्था नाही की पैसा नाही. रस्त्यात बसून अरबी शास्त्र वाचून दाखवायचे. मे महिन्यात उन्हानं गेले. समुद्राकाठी खडकांच्या कुशीत त्यांची कबर आहे. मी तिथे जाऊन आले आणि मला आणखीच अपराधी वाटलं.

मग एक रात्र अशी आली. डायलिसिसच्या वॉर्डात एक म्हातारी ओमानी बाई होत्या, आठवड्यातून तीनदा यायच्या. मला बिंती म्हणायच्या, म्हणजे माझी मुलगी. सुई टोचताना माझा अंगठा धरून ठेवायच्या, मेंदी लावलेली बोटं, थंडगार. त्यांचा मुलगा गाडीच्या अपघातात सापडला होता, दुसऱ्या दवाखान्यात बेशुद्ध होता. त्यांनी मला विचारलं, तू प्रार्थना करतेस ना? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, माझ्या मुलासाठी कर, इथेच, तुझ्या भाषेत. मी दाराकडे बघितलं. भीती वाटली, ताई, नोकरीची. मग पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि मराठीत चार वाक्यं बोलले: प्रभू, या आईचं लेकरू वाचव, तिला धीर दे. त्या आमीन म्हणाल्या. मीही आमेन म्हणाले. एवढंच.

मुलगा वाचला की नाही ते सांगत नाही, कारण त्यासाठी हे लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी खजुराचा डबा आणि थर्मासमध्ये कहवा आणला आणि स्वतःच्या हातानं मला कप भरून दिला.

तुमची मुलगी नर्स आहे म्हणून तिला एक निरोप द्या. पलंगावरचा रुग्ण उठून जाऊ शकत नाही. वर्गातल्या विद्यार्थ्याला तुझ्याकडून काहीतरी हवं असतं, म्हणून तोही उठून जात नाही. जो उठून जाऊ शकत नाही त्याच्यापुढे आपण विषय काढायचा नाही. त्यानं काढला तर लपवायचंही नाही. बाजारात भेटलेला माणूस त्या मानानं मोकळा असतो, त्याला पाय आहेत.

निवृत्त पाळक, बार्शी

ताई, तुमचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवला. मुलगी चिआंग माईला जाते आहे, म्हणून त्याच गावची गोष्ट सांगतो. हा इतिहास गटातल्या बाराही जणांना ठाऊक असायला हवा.

डॅनियल मॅकगिल्वरी नावाचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी १८६७ साली चिआंग माईत आले. तिथे नान इंता नावाचे एक विद्वान बौद्ध गृहस्थ होते, मठात राहून शिकलेले. दोघांच्या गाठीभेटी, वादविवाद महिनोन्‌महिने चालले. धर्मावर झाले तसे भूगोलावर आणि ग्रहताऱ्यांवरही. मॅकगिल्वरींनी त्यांना १८ ऑगस्ट १८६८च्या सूर्यग्रहणाची वेळ आधीच सांगून ठेवली होती. ग्रहण अगदी तसंच झालं. राहू सूर्याला गिळतो ही समजूत त्यांच्याकडेही होती, ती ढळली आणि नान इंतांच्या मनातलं बाकीचंही हललं. (हेच ग्रहण आपल्या शेजारी विजापूरला खग्रास दिसलं होतं. इंग्रज निरीक्षक तिथे दुर्बिणी लावून बसले होते. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी त्या दिवशी अंघोळी केल्या असतील, दान सोडलं असेल.) १८६९च्या जानेवारीत नान इंतांचा बाप्तिस्मा झाला, मागोमाग आणखी काही जणांचा.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नोई सुन्या आणि नान चाई या दोन नव्या ख्रिस्ती माणसांना तिथल्या राजानं ठार मारवलं. दोघंही साधे घरसंसारी होते. मॅकगिल्वरींच्या केसालाही धक्का लागला नाही. परदेशी माणूस होते ते.

मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोललो आणि हा भाग मला कधी सुखानं सांगता आला नाही. साक्ष देणाऱ्याला जे दोन शब्द असतात ते ऐकणाऱ्याला कधीकधी आयुष्याएवढे महाग पडतात. पंढरपूरच्या ताईंनी लक्ष्मीबाईंचं लिहिलं ते यातलंच. मॅकगिल्वरींचं मी एवढं म्हणेन की ते पळाले नाहीत. चिआंग माईतच राहिले आणि १९११ साली त्याच मातीत गेले. मधल्या काळात एका ख्रिस्ती लग्नावरून वाद उठला, त्यातून १८७८ साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजानं उत्तरेकडे धर्मस्वातंत्र्याचं फर्मान काढलं. ते फर्मान येईतो ते तिथेच होते.

दोन महिन्यांच्या पाहुण्यांना हे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून गटानं तिथल्या थाई मंडळीला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. ज्या माणसाशी बोलायचं त्याला तिथल्या एखाद्या पाळकाची, एखाद्या बहिणीची ओळख करून देता येत असेल, ती माणसं उद्याही भेटणार असतील, तरच पुढचं बोलणं काढावं. नाहीतर नुसती मैत्री करावी. मैत्री कमी प्रतीची असते असं प्रभूनं कुठे सांगितलेलं नाही.

तुमच्या आजीच्या मिसबाई वाचताना मला योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय समोर आला. प्रभू परक्या मुलखात, शोमरोनात, विहिरीवर दमून बसले आहेत. बाई पाण्याला येते. यहूदी माणूस शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसे, हे तिथे लिहूनच ठेवलंय. आणि पहिली गोष्ट प्रभू काय करतात? तिच्याकडे पाणी मागतात. त्यांच्याकडे पोहराही नाही. तिच्याकडे आहे. बाकीचं बोलणं मग होतं, आणि तेही ती विचारत जाते तसतसं. गावात सांगायला ती स्वतःच्या पायानं जाते. गावकऱ्यांनी राहा म्हटल्यावर प्रभू तिथे दोन दिवस राहतात.

त्या तक्त्याबद्दल विचारलंत तर माझं मत स्पष्ट आहे. नावाचा रकाना प्रार्थनेसाठी ठेवावा, तोही स्वतःच्या वहीत. चौकोन काढून टाकावेत.

शाळेतल्या बाई, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. हेही पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. पंढरपूरच्या ताई, तुमचं वाचताना ती मध्येच उठून खिडकीपाशी गेली. परत आल्यावर म्हणाली, पुन्हा वाच.

काल तिनं आयोजकांना पत्र लिहिलं. शब्द सगळे तिचेच. मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. व्हिसा कुठला, हे विचारलंय. इंग्रजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्ही कोण ते सांगणार का, हे विचारलंय. तिथली कुठली मंडळी आमच्याबरोबर आहे आणि आम्ही निघून आल्यावर कोण राहणार, हेही. तक्त्याबद्दल तिनं लिहिलं की मी वही लिहीन, चौकोन भरणार नाही, आणि हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा. उत्तर यायचं आहे. नकार आला तर पैसे परत मिळतील की नाही, देव जाणे. तिला त्याची फारशी चिंता दिसत नाही. मलाच आहे, कारण त्यात आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी भाकरी-चटणी विकून जमवलेले पैसे आहेत. त्यांना मी काय सांगणार, ते मलाच ठरवायचं आहे.

वडिलांच्या कपाटातलं ते पत्रक शोधलं. आई गेल्यानंतर कपाट हललं तेव्हा ते कुठेतरी गेलं असावं. मिळालं नाही.

मुलगी आता मोबाइलवर थाई शिकते आहे. पाळकसाहेब, तुमचं वाचून तिनं पहिलं वाक्य पाण्याचं घेतलं: खो नाम नोय खा. थोडं पाणी द्याल का, असा अर्थ आहे. तिकडे 'नाम' म्हणजे पाणी, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण ते नुसतं नाम नाही. त्याचा सूर वर न्यायचा असतो, तो चुकला तर शब्दच बदलतो म्हणे. सकाळपासून माठाजवळ उभी राहून तेच म्हणते आहे. मोबाइलमधली थाई बाई एकदा म्हणते, मग ही म्हणते, मग पुन्हा ती बाई. अजून जमलेलं नाही.